खुणा केलेल्या प्रती: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांस खुले पत्र

माननीय ग्रंथपाल,
लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन डी. सी.



हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मराठीतून तुमच्यापर्यंत पोचायची वाट तुमच्याच संस्थेनं १९६२ साली घालून ठेवली आहे. त्या वर्षी दिल्लीत तुमची कचेरी सुरू झाली. पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली भारताला दिलेल्या धान्याचे रुपये भारतातच साठून होते. त्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं आणि मासिकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे पाठवली जाऊ लागली. त्यांत मराठीही होती, आणि मराठी छापील मजकूर तुमच्या कपाटांत आजही त्याच कचेरीमार्फत जातो. ज्या संस्थेला हजारो मैलांवरच्या भाषेतली मासिकं जपावीशी वाटतात, तिच्याकडे मी तिच्याच देशात छापलेल्या एका वाङ्मयाची शिफारस घेऊन आलो आहे.

हे वाङ्मय म्हणजे घरी जोडायच्या व्हॅक्यूम ट्यूब ॲम्प्लिफायरांची जोडणीची पुस्तकं. ती जपा, त्या पुस्तकांवरून जोडलेले ॲम्प्लिफायर जपा आणि ते जोडणारी माणसं हयात आहेत तोवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. आणि कोऱ्या, स्वच्छ प्रतींवर समाधान मानू नका. मला काळजी आहे ती वापरलेल्या प्रतींची: ज्यांच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत, सोल्डरचे डाग आहेत, समासात कुणाची तरी शंका लिहिलेली आहे.

मराठी वाचकांसाठी थोडं मागं जायला हवं. ज्याला अमेरिकेत ट्यूब म्हणतात तो आपला व्हॉल्व्ह. रेडिओ लावला की आधी काचेच्या नळ्या लालसर तापायच्या आणि मग आवाज यायचा, हे ज्यांनी ऐकलं-पाहिलं आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत दोन गोष्टींचा सुकाळ होता. लष्करानं रेडिओ आणि रडार शिकवून तयार केलेली तरुण माणसं होती, आणि लष्कराला नको झालेले सुटे भाग होते. मिशिगनमधल्या बेंटन हार्बर गावच्या हीथ कंपनीनं या दोन्हींची गाठ घालून दिली. ही कंपनी मुळात विमानांची. एडवर्ड हीथ घरी जोडता येईल असं छोटं विमान विकत असे. १९३१ मध्ये चाचणीच्या उड्डाणात तो गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनी यानं बुडीत निघालेली कंपनी घेतली आणि युद्धानंतर लष्करी मालातल्या पिक्चर ट्यूब वापरून १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट काढलं. किंमत पन्नास डॉलरच्या आत. तयार ऑसिलोस्कोप सामान्य दुरुस्तीवाल्याच्या आवाक्यातच नव्हता. किट इतकं चाललं की कंपनीनं पुढची ४५ वर्षं हाच धंदा केला.

त्याच १९४७ मध्ये, एप्रिल आणि मे महिन्यांत, इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याचा लेख दोन भागांत छापून आला. घरी जोडता येईल अशा १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा तो आराखडा होता. शेवटच्या टप्प्यात केटी६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, आणि ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग पुन्हा सुरुवातीला नेऊन आवाजातला दोष मारून टाकणारा २० डेसिबलचा फीडबॅक. दोष राहायचा एक दशांश टक्क्याहून कमी. त्या काळी हे अफाट होतं. पण एवढा फीडबॅक द्यायचा तर मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार काळजीनं गुंडाळावा लागतो, प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक घ्यावे लागतात. नाहीतर सिग्नलला वाटेत उशीर होतो, दोष मारण्याऐवजी ॲम्प्लिफायर आपला आपणच शिट्टी वाजवू लागतो. म्हणून या सगळ्या किटांचा जीव त्या लोखंड-तांब्याच्या ठोकळ्यात असतो. आज किटं मोडणारेही आधी त्यालाच हात घालतात. त्याबद्दल पुढे लिहितोच.

विल्यमसनचा आराखडा अमेरिकेत आला तो एका वादकाच्या हातून. डेव्हिड सार्सर हा संगीतसंचालक तोस्कानिनीच्या एनबीसी सिंफनीत व्हायोलिन वाजवायचा. त्यानं मेल्विन स्प्रिंकलसोबत १९४९ च्या नोव्हेंबरात 'ऑडिओ इंजिनिअरिंग' मासिकात तो ॲम्प्लिफायर अमेरिकन भागांत बसवून दाखवला, आणि त्यासाठी निवडले ते ८०७ व्हॉल्व्ह, लष्करी ट्रान्समीटरांतून मुबलक सुटलेले. दोन वर्षांनी त्याच मासिकात डेव्हिड हॅफ्लर आणि हर्बर्ट केरोज यांनी व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरच्या टॅपला जोडायची युक्ती 'अल्ट्रा-लिनियर' या नावानं मांडली. ॲलन ब्लुमलाइननं असं काही इंग्लंडात आधीच पेटंट करून ठेवलं होतं. पण तळघरात बसून ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांपर्यंत ते पोचवलं हॅफ्लर-केरोजनी. या हॅफ्लरनं पुढे एड लॉरेंटबरोबर फिलाडेल्फियात डायनाको काढली आणि १९५९ मध्ये 'स्टिरिओ ७०' बाजारात आणला. दोन्ही बाजूंना ३५-३५ वॅट, चार ईएल३४, आणि बारीकसारीक भाग बसवून तयार केलेली छापील पट्टी, म्हणजे जोडणाऱ्याला संध्याकाळच्या काही तासांत काम उरकता यावं. असे साडेतीन लाखांहून अधिक ॲम्प्लिफायर गेले असं त्या क्षेत्रात मानलं जातं. त्यांतले बरेचसे घरी जोडलेले.

ब्रुकलिनची आयको, शिकागोच्या अलाइड रेडिओची नाइट-किट, मॅसॅच्युसेट्सची स्कॉट, फिशर, हरमन कार्डनचे स्टुअर्ट हेगेमननं आखलेले सायटेशन... किटं काढणाऱ्यांची नावं आणखी आहेत, ती इथं पुरी करत नाही. मला पुस्तकांबद्दल बोलायचं आहे.

हीथ कंपनीच्या किटचं, म्हणजे हीथकिटचं, जोडणीचं पुस्तक हातात घेऊन पाहा. प्रत्येक वाक्य एकच काम सांगतं. वाक्याच्या आधी रिकामा कंस असतो. काम झालं की त्यात खूण करायची, मग पुढचं वाक्य वाचायचं. तार किती लांब कापायची, टोकाचं प्लॅस्टिक किती सोलायचं, ती चॅसीला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, चिकटून न्यायची की उचलून, सगळं लिहिलेलं. जोडाच्या पुढे कंसात 'एनएस' असेल तर अजून सोल्डर करायचं नाही, त्या लगवर, म्हणजे तारा जोडायच्या कडीवर, आणखी तारा यायच्या आहेत. 'एस-३' असेल तर आता सोल्डर करा, आणि करण्याआधी मोजा: या लगवर तीन तारा असायला हव्यात. दोनच दिसत असतील तर मागे कुठलं तरी वाक्य सुटलं आहे. नवखा माणूस चूक करणार हे गृहीत धरून, ती चूक त्याची त्यालाच सापडेल अशी सोय त्या एका आकड्यात केलेली आहे. तांत्रिक लेखनात यापेक्षा माणसाचा जास्त विचार केलेलं काही मी वाचलेलं नाही. नव्या किटचं पुस्तक छापायला जाण्याआधी कंपनीतल्याच लोकांना ते देऊन किट जोडून घेतलं जाई, आणि जिथं ते अडत तिथं वाक्य बदललं जाई. आम्ही तुम्हाला नापास होऊ देणार नाही, असं कंपनी छातीठोकपणे म्हणायची. ते तिनं पाळलं या वाक्यांच्या जोरावर.

डायनाकोच्या पुस्तकाचा स्वभाव वेगळा, मोजक्या शब्दांचा. पण तिथंही तेच लक्ष. स्टिरिओ ७० चा बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी, लावायचा तर पुढच्या सॉकेटवर मीटर लावून १.५६ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. टॉर्चचा कोरा सेल साधारण एवढेच व्होल्ट दाखवतो. म्हणजे घरातल्या स्वस्त मीटरचा काटा खरं बोलतो आहे का, हे पाहायला दुसरं उपकरण लागत नाही, कपाटातला नवा सेल पुरतो. स्कॉट कंपनी सुटे भाग ज्या क्रमानं लागणार त्या क्रमानं पुठ्ठ्यावर लावून देई, आणि पुस्तकातली चित्रं रंगीत छापी. तार लाल असेल तर चित्रातही लाल. हे तपशील कुठल्याही सर्किट डायग्राममध्ये नाहीत. सर्किट टिकेल. ते पाठ्यपुस्तकांत आहे, शंभर ठिकाणी छापलं गेलं आहे. ते सर्किट कधी सोल्डरिंग आयर्नही न धरलेल्या माणसापर्यंत कसं पोचवलं गेलं, हे फक्त या पुस्तकांत आहे.

मी कलामाझूला राहतो. बेंटन हार्बर इथून गाडीनं तासाभरावर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. आसपासच्या गावांतून लोक ते आणून देतात. बहुतेक वेळा आणणारा माणूस जोडणारा नसतो. वडील गेले, घर विकायचं आहे, तळघरात हे निघालं, अजून चालेल का बघा. मी विचारतो, सोबत पुस्तक होतं का? कधी असतं. बरेचदा रद्दीत गेलेलं असतं.

पुस्तक गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे सांगायला एकच उदाहरण देतो. हीथकिटचा २५ वॅटचा डब्ल्यू-५एम माझ्याकडे आला, पुस्तकासकट. त्यात सतत बारीक गुणगुण होती. घरच्यांच्या मते ती पहिल्यापासून होती. पुस्तक उघडलं तर खुणा दोन हातांच्या. एक निळ्या बॉलपेनची, घाईची आणि ठाम. दुसरी पेन्सिलीची, कंसाच्या मधोमध बसवायचा प्रयत्न केलेली, मुलाची. काही पानं बापानं केली होती, काही मुलानं. आणि एका पानावर, जिथं निळी शाई संपून पेन्सिल सुरू होते तिथं, मधला एक कंस रिकामा. चॅसी उलटी करून तो लग शोधला. दोन तारा आकड्यासारख्या अडकवलेल्या, सोल्डर नाही. तो जमिनीचा, म्हणजे ग्राउंडचा जोड होता. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एक वाक्य मध्येच राहून गेलं होतं, आणि ते घर पुढची कित्येक वर्षं ती गुणगुण ऐकत संगीत ऐकत होतं.

मी तो जोड पक्का केला, गुणगुण गेली. पण सांगायचं आहे ते पुढचं. पुस्तक वेगळं आणि ॲम्प्लिफायर वेगळा असता तर यातलं काहीही कुणाला कळलं नसतं. त्या पुस्तकाची स्वच्छ स्कॅन प्रत कितीही सुबक असली तरी तिच्यात सगळे कंस रिकामेच असतात. आणि नुसता ॲम्प्लिफायर एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती पडला असता, तर त्यानं चॅसीखालची सगळी तार उपसून नवी घातली असती, कारण बाजारात त्याला चांगली किंमत येते.

हे सगळीकडे घडतं आहे. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरना पुन्हा भाव आला, याचा मला आनंद आहे. पण त्या भावानंच ही किटं मोडली जात आहेत. मूळ मुलार्डचे ईएल३४ किंवा जेनालेक्सचे केटी८८ काढून विकले तर बरेचदा अख्ख्या ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त पैसे येतात. पियरलेस किंवा डायनाकोचे ट्रान्सफॉर्मर सोडवून नव्या, चकचकीत चॅसीवर चढवले जातात आणि जुनी चॅसी भंगारात जाते. जे मोडत नाहीत ते 'नव्यासारखं' करून देतात. सुरक्षिततेसाठी काही भाग बदलावेच लागतात, यात वाद नाही. स्टिरिओ ७० मध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात. साठ वर्षांचे कंडेन्सर गळू लागलेले असतात, कार्बनचे रेझिस्टर वर सरकलेले असतात, बायसचा सेलेनियम रेक्टिफायर कधी दगा देईल सांगता येत नाही. वापरायच्या ॲम्प्लिफायरमध्ये ते ठेवणं धोक्याचं आहे. मीही बदलतो, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत घालतो आणि मालकाच्या हवाली करतो. पण प्रत्येक ॲम्प्लिफायर वापरलाच पाहिजे असं कुठं आहे? काही तरी नमुने जसे जोडले गेले तसेच, प्लग न लावता, राहायला हवेत. कुणीतरी सार्वजनिक संस्थाच ते करू शकते. संग्राहकाला ते परवडत नाही आणि दुरुस्तीवाल्याकडे कुणी त्यासाठी येत नाही.

ती संस्था तुमची का, असा प्रश्न येईल. हे संग्रहालयाचं काम, ग्रंथालयाचं नव्हे, असं तुमच्या कचेरीतलं कुणी म्हणेल. मी त्यावर बराच विचार केला आहे. संग्रहालय वस्तू घेईल, काचेत ठेवेल, खाली नाव लिहील. इथं वस्तू, पुस्तक आणि माणसाचा आवाज या तिन्हींची मोट बांधायला हवी, आणि पुस्तकं, ध्वनिमुद्रणं आणि माणसांच्या आठवणी यांची खाती तुमच्याकडे एकाच छपराखाली आहेत.

पुस्तकांपासून सुरुवात करू. कॉपीराइट कचेरी तुमच्याच घरात आहे. १९६३ अखेरपर्यंत अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कृतींचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण केलं तरच पुढे चालू राहत असे. नूतनीकरण झालं नसेल तर ती कृती सर्वांची झाली. व्हॉल्व्ह किटांचा भर नेमका याच काळातला, १९४७ पासून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. कुठल्या पुस्तकाचा हक्क उरला आहे आणि कुठलं मोकळं झालं आहे, हे ठरवणाऱ्या नोंदी तुमच्याकडे आहेत. आज लोक भीतीनं किंवा संभ्रमानं ही पुस्तकं एकमेकांना द्यायला कचरतात. कंपन्यांची मालकी इतक्या वेळा फिरली आहे की हक्क कुणाचा हे जाणकारालाही पटकन सांगता येत नाही. एकट्या हीथचंच बघा: १९५४ मध्ये अँथनी विमान अपघातात गेला, मग कंपनी डेस्ट्रॉमकडे, १९६२ मध्ये श्लंबर्जेकडे, १९७९ मध्ये झेनिथकडे, आणि १९९२ मध्ये किटं बंद. तुम्ही किट-उत्पादकांच्या पुस्तकांची एक तपासलेली यादी प्रसिद्ध केलीत, प्रत्येकापुढे हक्काची स्थिती लिहून, तर जपणुकीचं निम्मं काम लोकच करतील.

दुसरं, आवाज. २००० च्या कायद्यानं तुमच्याकडे ध्वनिमुद्रणं जपायची जबाबदारी आली, आणि दरवर्षी २५ ध्वनिमुद्रणं तुमच्या राष्ट्रीय नोंदवहीत चढतात. व्हर्जिनियातल्या कल्पेपरला डोंगराच्या पोटात, अणुयुद्ध झालं तर देशाला नोटा पुरवता याव्यात म्हणून फेडरल रिझर्व्हनं १९६९ मध्ये बांधलेल्या तळघरात, आता देशाचे आवाज आणि चित्रं ठेवली आहेत. ती जागा मला मनापासून आवडते. पण माझा एक आग्रह आहे. १९५० च्या दशकातली लाँग प्लेइंग रेकॉर्ड तुम्ही आज उत्तमातल्या उत्तम यंत्रावर वाजवून जपता, आणि ते बरोबरच आहे. मात्र ती रेकॉर्ड ज्यांनी विकत घेतली त्यांनी ती कशी ऐकली, याची नोंद कुठे आहे? १९४८ मध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ आली आणि एका ॲम्प्लिफायरचे दोन करावे लागले. किटांची भरभराट त्याच दहा-बारा वर्षांतली. रेकॉर्ड कंपन्यांनी स्टुडिओत जे केलं ते तुमच्याकडे आहे. श्रोत्यानं स्वतःच्या हातानं त्याला काय जोडलं, ती दुसरी बाजू कोरी आहे. चालू स्थितीतले, जाणत्यानं तपासलेले थोडे किट-ॲम्प्लिफायर, त्या काळचा एखादा स्पीकर, आणि तुमच्याच नोंदवहीतली ध्वनिमुद्रणं, एवढं घेऊन ते ऐकणं रेकॉर्ड करा, मोजमापांसकट. हे खर्चिक काम नाही.

तिसरं काम सगळ्यांत तातडीचं, आणि नेमकं तेच सर्वांत मागं पडतं. माणसं. १९५९ मध्ये विशीत असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. तुमच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरमध्ये २००० पासून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा होत आहेत. रेडिओ-रडार शिकलेल्या सैनिकाला तिथं युद्धाबद्दल विचारलं जातं. एक प्रश्न त्यानंतरच्या आयुष्याबद्दलही असू द्या: परत आल्यावर तुम्ही घरी काय जोडलंत? आणि २०१० पासून वेगवेगळ्या कामधंद्यांतल्या लोकांच्या मुलाखती घेणारा ऑक्युपेशनल फोकलाइफ प्रोजेक्ट आहे, त्यासाठी आर्ची ग्रीन शिष्यवृत्त्या आहेत. त्यातली एक बेंटन हार्बर आणि शेजारच्या सेंट जोसेफमधल्या माणसांसाठी द्या. ज्या बायकांनी रेझिस्टर मोजून पाकिटांत भरले, ज्यांनी ती वाक्यं लिहिली आणि खोडून पुन्हा लिहिली, ज्यांनी अडलेल्या ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं दिली. फिलाडेल्फियातही असेच लोक असतील. त्यांची नावं कुठल्याच पुस्तकावर छापलेली नाहीत. त्यांच्यापाशी जे आहे ते विचारल्याशिवाय मिळणार नाही.

जागेचा प्रश्न मी टाळत नाही. ॲम्प्लिफायर जड असतात, आणि तुम्ही सगळे घेऊ शकत नाही, घेऊही नयेत. मला विचाराल तर दुर्मीळ मॉडेलांच्या मागे लागू नका. ती संग्राहक जपतीलच, त्यांना किंमत आहे. तुम्ही सामान्य ते घ्या: स्टिरिओ ७०, हीथकिटची डब्ल्यू मालिका, आयकोचा एचएफ-८१. आणि प्रत्येकाबाबत एकच अट ठेवा, की सोबत त्याच नगाचं, त्याच माणसानं खुणा केलेलं पुस्तक असलं पाहिजे. ज्याचा जोडणारा सांगता येतो तो पहिला. वाईट जोडलेला चालेल, अर्धवट सोडलेला तर जरूर घ्या. अपुरं राहिलेलं किट कुठं अडलं हे त्याच्यातल्या शेवटच्या खुणेवरून कळतं, आणि पुस्तक लिहिणारे कुठं कमी पडले हेही. बाकीच्यांची वस्तू नको, पुस्तकाची प्रत आणि चॅसीच्या तळाचा स्पष्ट फोटो तेवढा घ्या. जोडणाऱ्याचा हात खालच्या बाजूलाच दिसतो. संग्राहकांच्या पुस्तकांत मात्र वरच्या, चकचकीत बाजूचेच फोटो भरभरून मिळतात.

या सगळ्यात मराठी माणसाचा काय संबंध, असं एखादा वाचक विचारेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकून, मासिकातल्या आराखड्यावरून ॲम्प्लिफायर जोडणारी पिढी आपल्याकडेही होती. पण कंस असलेलं पुस्तक त्यांच्या वाट्याला आलं नाही. बाहेरचं किट मागवायचं तर परवाना आणि परकीय चलन आडवं येई. त्यांना ट्रान्सफॉर्मर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्यावा लागे आणि चुकलं की जाणत्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागे. मी तसाच शिकलो. म्हणून इथं आल्यावर पहिल्यांदा हीथकिटचं पुस्तक उघडलं तेव्हा मला कळलं की शेजारी गुरू नसलेल्या माणसाला शिकवता येतं आणि ते कुणीतरी खरोखर करून दाखवलं आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या मराठी अभियंत्यांच्या पहिल्या पिढीत काहींनी ही किटं जोडली. मिशिगन आणि ओहायोतल्या काही मराठी घरांत मी ती पाहिली आहेत, एकात तर पुस्तकाच्या समासात रेझिस्टरच्या रंगांचे आकडे देवनागरीत लिहिलेले. अशी प्रत तुमच्या संग्रहात यावी असं मला फार वाटतं.

तेव्हा माझी विनंती आहे की येत्या वर्षभरात तुम्ही एवढं जाहीर करा: लायब्ररी ऑफ काँग्रेस घरी जोडलेल्या ऑडिओ किटांची खुणा केलेली पुस्तकं देणगी म्हणून स्वीकारते, आणि त्यासाठी अमुक पत्त्यावर लिहावं. बाकीचं टप्प्याटप्प्यानं होईल. हे जाहीर झालं नाही तर घर रिकामं करणाऱ्या मुलाला ते पुस्तक कुणाला हवं असेल हे कळायला मार्गच नाही.

आणि अमेरिकेतल्या मराठी घरांना: तळघर आवरायला घेतलंत आणि असा ॲम्प्लिफायर निघाला, तर तो प्लगला लावून पाहू नका. पुस्तक शोधा. ते ॲम्प्लिफायरसोबतच ठेवा, वेगळं विकू नका. एका कागदावर जोडणाऱ्याचं नाव, गाव आणि आठवत असेल ते साल लिहून पुस्तकात घाला. जोडणारा अजून बोलू शकत असेल, तर फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि आजच त्याला विचारा.



आपला नम्र,
जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक मराठी माणूस
कलामाझू, मिशिगन